धानाच्या बांधीतून हिमालयाकडे : उंचीच्या आजाराचा इतिहास आणि आपल्या फॉर्मवर नसलेली एक ओळ

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चार तरुण माझ्या ओपीडीत आले. चौघेही गोंदिया जिल्ह्यातलेच. दोघं पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारे, एक शिक्षक, एक घरची धानाची शेती बघणारा. दिवाळीच्या आधी नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करायचा म्हणून पैसे जमवले होते. हातात आयोजकांनी दिलेला वैद्यकीय फॉर्म होता.

"सर, बस सही मारून द्या. आम्ही एकदम फिट आहोत."

ते फिट होते यात शंका नव्हती. नाडी, रक्तदाब, छाती, सगळं उत्तम. पण मी फॉर्मसोबत त्यांचं वेळापत्रकही मागितलं. लुक्लाला विमानाने उतरल्यावर नामचे बाजार आणि डिंगबोचे या दोन ठिकाणी साधारणपणे एकेक दिवस मुक्काम वाढवतात. या मुलांनी ते दोन्ही दिवस काढून टाकले होते. कारण विचारलं तर उत्तर आलं, "सर, धान कापणीच्या आत परत यायचं आहे. आणि तसेही ते आरामाचेच दिवस आहेत."

मित्रहो, आजचा लेख त्या दोन 'आरामाच्या' दिवसांबद्दल आहे. हे दिवस वेळापत्रकात कुठून आले, ते यावेत म्हणून किती माणसं गेली, आणि आपल्या जिल्ह्यातून कोणी उंच पहाडावर निघालं तर त्याच्या फॉर्मवर कोणता प्रश्न जास्तीचा हवा, हे आपण समजून घेऊ.

आधी थोडं शास्त्र

गोंदिया समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. कचारगडच्या गुहेपर्यंत चढताना आपल्याला धाप लागते ती चढणीमुळे, हवेमुळे नाही. म्हणून विरळ हवा म्हणजे काय याचा अनुभव आपल्या शरीराला नसतो.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, साधारण २१ टक्के असतं. उंचीवर बदलतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. केदारनाथ आणि लेह दोन्ही साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहेत. तिथे समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. ५,३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला जवळपास निम्मा. १९८१ साली एका अमेरिकन वैद्यकीय मोहिमेने एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब प्रत्यक्ष मोजला. तो पाऱ्याच्या २५३ मिलिमीटर इतका भरला. समुद्रसपाटीवर तो ७६० असतो. म्हणजे तिथे एक तृतीयांश.

शरीर याच्याशी जुळवून घेऊ शकतं. श्वासाचा वेग वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने सांभाळतात, पुढे लाल पेशी वाढतात. पण या कामाला दिवस लागतात. ते वेळेआधी उरकता येत नाही, मग माणूस कितीही धावणारा असो.

डोकेदुखीचे पहाड

हा त्रास माणसाला फार जुना ठाऊक आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी नोंदींत पश्चिमेकडच्या व्यापारी वाटेवरच्या डोंगरांना 'मोठी डोकेदुखी' आणि 'लहान डोकेदुखी' अशी नावं दिलेली आढळतात. तिथून जाताना माणसांना आणि गाढवांनाही त्रास होतो, उलट्या होतात, असं त्यात लिहिलं आहे. १५९० साली होसे दे अकोस्ता या स्पॅनिश धर्मगुरूने पेरूमधला उंच घाट ओलांडताना झालेल्या भयंकर उलट्यांचं वर्णन छापलं आणि दोष हवेच्या पातळपणाला दिला. सूक्ष्मदर्शक आणि रक्ततपासणी नसलेल्या काळात हा अंदाज बराच अचूक होता.

पुराव्यानिशी उत्तर मिळालं ते फ्रान्समध्ये. पॉल बर्त या शरीरशास्त्रज्ञाने हवेचा दाब कमी-जास्त करता येईल अशी लोखंडी कोठडी बनवली. त्यात आधी प्राण्यांना आणि नंतर स्वतःला बसवून त्याने दाखवून दिलं की त्रासाचं मूळ ऑक्सिजनच्या कमतरतेत आहे. १८७८ साली त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याआधी, १८७५ साली, एक घटना घडली. मोहिमेची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचायला हवी. 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे फ्रेंच आठ हजार मीटरच्या वर गेले. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. तेवढा साठा पुरणार नाही असं बर्तने पत्राने कळवलं, पण पत्र पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यांनी ऑक्सिजन 'गरज पडेल तेव्हा' घ्यायचा म्हणून राखून ठेवला. गरज पडली तेव्हा नळीपर्यंत हात उचलण्याची ताकद उरली नव्हती. दोघे वारले. वाचलेल्या गॅस्तों तिसांदियेने नंतर लिहिलं की त्या वेळी त्याला त्रास असा जाणवतच नव्हता, उलट बरं वाटत होतं.

उंचीचा आजार असा फसवा असतो. ऑक्सिजन कमी पडला की सर्वांत आधी बिघडतो तो मेंदू, आणि निर्णय घ्यायचा असतो त्याच मेंदूने. म्हणून 'वर गेल्यावर बघू' ही आखणी नव्हे. कधी परतायचं हे खाली असतानाच, डोकं शाबूत असताना, ठरवून ठेवावं लागतं.

तरुण, सशक्त आणि तरीही

१८९१ साली माँ ब्लाँ या आल्प्समधल्या शिखराजवळच्या वेधशाळेत एक तरुण डॉक्टर, जाकोते, आजारी पडला. खाली चल म्हटलं तर तो उतरेना. उंचीचा शरीरावर काय परिणाम होतो हे स्वतःवरच पाहायचं, असं त्याच्या मनात होतं. तो तिथेच वारला. शवविच्छेदनात फुप्फुसं पाण्याने भरलेली आढळली. त्या काळी आणि पुढेही कित्येक वर्षं अशा मृत्यूंवर 'न्यूमोनिया' हेच लेबल लागत राहिलं. १९१३ साली चिलीतल्या उंच खाणींवर काम करणाऱ्या रेव्हनहिल या डॉक्टरने उंचीच्या आजाराचे साधा, मेंदूचा आणि हृदय-फुप्फुसांचा असे तीन प्रकार नीट वेगळे करून लिहिले. पण तो लेख अनेक दशकं कोणी फारसा वाचला नाही.

१९२१ साली एव्हरेस्टची पहिली पाहणी मोहीम निघाली. तिच्यात अलेक्झांडर केलास होते. ते रसायनशास्त्रज्ञ आणि उंचीच्या शरीरशास्त्राचे त्या काळचे मोठे जाणकार. एव्हरेस्ट दिसण्याआधी, तिबेटच्या वाटेवरच, अतिसाराने खंगून ते वारले. मोहिमा नेहमी हिमकड्यावर संपत नाहीत. पुष्कळदा त्या न उकळलेल्या पाण्यात संपतात.

१९५३ साली तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी शिखरावर पोचले. त्यामागे ग्रिफिथ प्यू या डॉक्टरचं काम होतं. आधीच्या वर्षी चो ओयूवर त्याने मोजमापं घेतली आणि निष्कर्ष काढला की गिर्यारोहक पाणी फार कमी पितात, वरच्या छावण्यांत नीट खात नाहीत आणि ऑक्सिजन अपुऱ्या प्रमाणात घेतात. १९५३च्या मोहिमेत बर्फ वितळवायला पुरेसे स्टोव्ह आणि इंधन नेलं गेलं, भरपूर पाणी पिण्यावर भर दिला गेला, आणि शरीर जुळवून घेईल यासाठी आधी कित्येक दिवस कमी उंचीवर घालवले गेले. धाडस आधीच्या मोहिमांतही कमी नव्हतं. फरक पडला तो स्टोव्ह, पाणी आणि दिवस यांच्या हिशेबाने.

१९६२ : आपल्या जवानांनी मोजलेली किंमत

या इतिहासातलं एक मोठं पान भारताचं आहे, आणि आपल्याकडे ते फारसं कोणी सांगत नाही.

१९६० साली चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरने एका तरुण स्कीपटूची हकीकत प्रसिद्ध केली. निरोगी हृदय असूनही उंचीवर त्याच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं. म्हणजे हा न्यूमोनिया नव्हता आणि हृदयविकारही नव्हता. यालाच आपण आज 'हेप' म्हणतो.

दोनच वर्षांनी चीनशी युद्ध झालं. मैदानी प्रदेशातले जवान विमानाने उचलून थेट लडाखच्या उंचीवर उतरवले गेले. वेळ नव्हता, पर्याय नव्हता. तरुण, कवायत केलेली, धडधाकट माणसं एक-दोन दिवसांत धापा टाकू लागली, खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागला. आपल्या लष्करी डॉक्टरांनी त्या काळातल्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली 'लॅन्सेट'मध्ये हेपच्या ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १,९२५ जवानांच्या उंचीच्या आजाराचा. जगभरात आजही या दोन लेखांचे दाखले दिले जातात.

त्यातून दिसलेली एक गोष्ट विसरू नये. आधी उंचीवर राहिलेले, सुट्टीत घरी मैदानात येऊन पुन्हा वर गेलेले जवानही आजारी पडत होते. म्हणजे 'मी मागच्या वर्षी जाऊन आलो, मला काही होत नाही' हा भरवसा खोटा.

आपल्या लष्कराचा आजचा नियम याच अनुभवातून आला. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. १२,००० ते १५,००० फुटांवर आणखी चार दिवस. त्याच्या वर पुन्हा चार. जवानाला हे दिवस सक्तीने दिले जातात. आपण सुट्टी वाचवण्यासाठी तेच कापून टाकतो.

नागरिकांच्या बाबतीत हेच १९७६ साली दिसलं. नेपाळमध्ये ४,२४३ मीटरवरच्या फेरिचे गावात डॉ. पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी २७८ ट्रेकर तपासले. ५३ टक्क्यांना उंचीचा आजार होता. चालत आलेल्यांपेक्षा लुक्लाला विमानाने उतरलेल्यांत त्याचं प्रमाण जास्त होतं. आमची चौकडी नेमकी तीच वाट धरणार होती.

शेजारच्या जिल्ह्यातली मुलं

मग मैदानातल्या माणसाने जाऊच नये का? तसं मुळीच नाही. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. १९ मे २०१२ रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या 'गिरिप्रेमी'च्या मोहिमेतले आठ जण शिखरावर उभे राहिले. आणि आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण २०१८ सालचं. 'मिशन शौर्य'मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं निवडली गेली. आपल्यासारख्याच उन्हाळ्याची, आपल्यासारख्याच जंगलातली. दहा जणांच्या तुकडीतले पाच त्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्याआधी कित्येक महिने दार्जिलिंग, लडाख असं टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण झालं होतं. लोकांना शिखरावरचा फोटो आठवतो. मला, डॉक्टर म्हणून, त्याआधीचे महिने आठवतात.

आपल्या फॉर्मवर नसलेली ओळ

परत माझ्या ओपीडीत येतो. आयोजकांच्या फॉर्मवर रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, हृदयविकार हे सगळं विचारलं होतं. सिकलसेलचं नाव कुठेही नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्यांचा त्यात दोष नाही, त्यांच्या गावात हा प्रश्न रोजचा नसेल. आपल्याकडे तो रोजचा आहे.

१९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. तेव्हापासून पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा म्हणून ओळखला जातो. गोंदिया त्यातच येतो. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात जी तपासणी होते, ती तुमच्या गावातही झाली असेल.

इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. 'एसएस' म्हणजे सिकलसेलग्रस्त. अशा व्यक्तीने उंच पहाडाचा बेत तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नये, कारण कमी ऑक्सिजन हेच तीव्र वेदनांच्या झटक्याचं एक कारण असतं. 'एएस' म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नाही. तो शेती करतो, धावतो, नोकरी करतो, पूर्ण आयुष्य जगतो. पण एक अपवाद वैद्यकशास्त्राला १९५०च्या सुमारास कळला. त्या काळच्या, केबिनमध्ये हवेचा दाब न राखणाऱ्या विमानांतून उंच उडालेल्या काही वाहकांच्या पोटात डाव्या बाजूला अचानक भयंकर दुखू लागलं. पुढे डोंगरावर गेलेल्यांतही तेच दिसलं.

कारण असं. पानथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखाली असते. तिच्यातून रक्त सावकाश वाहतं आणि तिथला ऑक्सिजन आधीच कमी असतो. विरळ हवेत तो आणखी घटला, त्यात शरीरातलं पाणी कमी झालं, की वाहकाच्याही लाल पेशी तिथे विळ्यासारख्या वाकून अडकू शकतात. पानथरीचा रक्तपुरवठा तुटतो. हे सर्वांना होत नाही, बहुसंख्य वाहकांना काहीच होत नाही. पण झालं आणि कोणाला ठाऊकच नसलं, तर त्या दुखण्याला गॅस किंवा चमक समजून औषध दिलं जातं आणि माणूस आणखी वर चढत राहतो.

मी चौघांना विचारलं, "सिकलसेलची तपासणी झाली आहे?" तिघे लगेच बोलले. शेती बघणारा मुलगा गप्प राहिला. बाकीचे बाहेर गेल्यावर त्याने पाकिटातून घडी घातलेलं कार्ड काढलं. एएस. "सर, फॉर्मवर लिहू नका ना. मला नेणार नाहीत. आणि घरी लग्नाचं बघणं सुरू आहे."

त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याला सांगितलं की कार्ड लपवलं तर वर पोट दुखेल तेव्हा तू एकटा असशील. फॉर्मवर काय लिहायचं ते तूच ठरव, पण एका तरी सोबत्याला आणि मार्गदर्शकाला माहीत असू दे. तो बराच वेळ कार्डाकडे बघत बसला. मग त्याने स्वतःच तिघांना आत बोलावलं आणि कार्ड टेबलावर ठेवलं. शिक्षक म्हणाला, "अबे, एवढंच? माझी बहीणही एएस आहे."

वेळापत्रकात दोन्ही मुक्काम परत आले. मुलाच्या काकांनी कापणीचे पहिले दिवस सांभाळायचं कबूल केलं. फॉर्मवर जागा नव्हती, म्हणून समासात मुलाच्या संमतीने मी हाताने लिहिलं : सिकलसेल वाहक. डाव्या बरगडीखाली दुखल्यास थांबू नये, खाली उतरवावे.

चौघे गेले. बेस कॅम्पला तिघे पोचले. चौथा, भरतीसाठी धावणाऱ्यांपैकी सर्वांत वेगवान, लोबुचेला डोकेदुखी आणि उलट्यांनी बेजार झाला आणि एका मार्गदर्शकासोबत खाली उतरला. उतरल्यावर काही तासांत बरा झाला. कार्डवाला मुलगा सावकाश चालत, पाणी पीत, पोचला.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

ट्रेक असो, अमरनाथ असो की केदारनाथ, नियम तेच.

- ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा ठेवा. दिवसा वर चढून रात्री खाली येऊन झोपणं चांगलं.
- डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा कमालीचा थकवा असेल तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचा आजारच समजा. त्रास असताना वर चढू नका. वाढला तर खाली उतरा.
- बसल्या जागी धाप, सतत खोकला, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ ही धोक्याची लक्षणं आहेत. रात्र असली तरी उतरवा, एकट्याला पाठवू नका. ऑक्सिजन आणि औषधं उतरण्याला मदत करतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.
- ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या शेजाऱ्याने सांगितल्या म्हणून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, गर्भावस्था असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.
- दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. पाणी उकळलेलं प्या.
- सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात होते. वाहक असाल तर लपवू नका.

तो मुलगा परवा नव्या धानाचे तांदूळ घेऊन आला होता. म्हणाला, पुढच्या वर्षी गावातली आणखी सहा मुलं निघणार आहेत, आणि त्यांच्यासाठी त्याने स्वतः वहीत एक फॉर्म तयार केला आहे. पहिलाच प्रश्न सिकलसेलचा आहे. दुसरा : परत यायची घाई कोणाला आहे?